अर्ध्या तासाची उमेदवारी

नोकरी मागायला जाणाऱ्या माणसाला मराठीत फार सुंदर नाव आहे. उमेदवार. शब्द फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा आणि उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. इंग्रजीतल्या 'कँडिडेट'चं मूळ शोधत गेलं तर ते लॅटिनमधल्या 'पांढऱ्या'पाशी पोचतं. प्राचीन रोममध्ये पदासाठी उभा राहणारा माणूस खडूने उजळलेला पांढराशुभ्र झगा घालून लोकांपुढे यायचा. एका भाषेला त्याचा पोशाख दिसला, दुसरीला त्याच्या मनात काय आहे ते दिसलं.

मराठीने त्या शब्दाला आणखी एक अर्थ दिला. 'मी दोन वर्षं गॅरेजात उमेदवारी केली' असं आजही एखादा मेकॅनिक सहज सांगतो. जुन्या काळी कचेरीत कारकून व्हायचं असेल तर मुलगा आधी दफ्तरात नुसता येऊन बसायचा. पगार नाही. कागदांच्या नकला करायच्या, मोडीचं वळण घोटायचं, हिशेब ताडून पाहायचे, मोठ्यांची कामं करायची. जागा रिकामी झाली की ज्याचं काम महिनोन्‌महिने पाहिलेलं आहे, त्याला ती मिळायची. त्या पद्धतीत अन्याय पुष्कळ होता, कारण बिनपगारी बसणं ज्याच्या घराला परवडेल आणि ज्याला मुळात आत घेतलं जाईल, तोच तिथे टिकायचा. पण निवडणाऱ्याला एक मोठी सोय होती: माणूस कसा काम करतो हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असायचं.

आज त्या साऱ्या उमेदवारीच्या जागी अर्धा तास आला आहे.

समजा, पाथर्डी तालुक्यातली एक मुलगी आहे. मेकॅनिकलची पदविका झालेली, सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी विभागात जागा निघालेली. पहाटेची एसटी धरून ती नगरला माळीवाडा स्थानकावर उतरते, तिथून पुण्याकडे जाणारी गाडी पकडते, सुप्याला उतरून कारखान्याच्या गेटपर्यंत पोचते. आपला अहिल्यानगर जिल्हा 17,048 चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोल्यापासून जामखेडपर्यंत 14 तालुके पसरलेले. त्यामुळे मुलाखतीला जाणं म्हणजे इथे बहुतेकांसाठी आधी एक प्रवास असतो. इतकं करून ती ज्या खोलीत जाते, तिथे टेबलापलीकडच्या माणसाने तिला कधीही पाहिलेलं नाही. अर्ध्या तासात, कधी दहाच मिनिटांत, त्याला ठरवायचं आहे की ही मुलगी पुढची पाच वर्षं कशी वागेल. हे त्याला कळतं तरी कसं?

खरं उत्तर थक्क करणारं आहे. बऱ्याचदा त्याला कळतच नाही. तो अंदाज बांधतो, आणि आपल्याला कळलं अशी त्याची मनापासून खात्री असते.

1915 साली वॉल्टर डिल स्कॉट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हे पहिल्यांदा मोजून दाखवलं. विक्रेत्याच्या कामासाठी आलेले 36 उमेदवार आणि त्यांना पारखणारे 6 अनुभवी व्यवस्थापक. प्रत्येकाने स्वतंत्रपणे सगळ्यांना क्रम लावला. मग याद्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर 36 पैकी 28 जणांच्या बाबतीत, हा माणूस वरच्या निम्म्यात बसतो की खालच्या, यावरही त्या सहांचं एकमत नव्हतं. उमेदवार तेच, काम तेच. पाहणारे डोळे तेवढे वेगळे.

2006 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जनीन विलिस आणि अलेक्झांडर तोदोरोव यांनी लोकांना अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रं क्षणभर दाखवली. किती क्षणभर? सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्यात लोकांनी हा माणूस विश्वासाचा वाटतो की नाही, हुशार वाटतो की नाही, ते ठरवूनही टाकलं. वेळ वाढवून दिल्यावर मत फारसं बदललं नाही, स्वतःच्या मतावरचा विश्वास तेवढा वाढला. म्हणजे आपली पाथर्डीची मुलगी 'आत येऊ का?' म्हणते, त्या वाक्यातला 'येऊ' संपेपर्यंत समोरच्याच्या मनात तिचं एक चित्र काढून झालेलं असतं.

आणि मला सर्वांत विलक्षण वाटतो तो 2013 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग, जेसन डेना, रॉबिन डॉज आणि नॅथॅनियल पीटरसन यांचा. विद्यार्थ्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घ्यायच्या आणि त्यांना पुढच्या सत्रात किती गुण पडतील ते सांगायचं. त्यांचे आधीचे गुण हातात दिलेले. काही मुलाखतींमध्ये उत्तर देणाऱ्यांना गुपचूप सांगून ठेवलं होतं की खरं उत्तर द्यायचंच नाही. प्रश्नातल्या शब्दांची आद्याक्षरं पाहायची आणि एका ठरीव नियमाने 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. म्हणजे उत्तरं अक्षरशः छापा-काट्यासारखी. मुलाखत घेणाऱ्या एकालाही संशय आला नाही! उलट, समोरचा माणूस आपल्याला चांगला कळला असंच त्यांना वाटलं. आणि त्यांचे अंदाज? नुसत्या आधीच्या गुणांवरून बांधलेल्या अंदाजापेक्षा मुलाखतीनंतर बांधलेले अंदाज अधिक चुकले.

मन अर्थ लावल्याशिवाय राहूच शकत नाही, असा याचा अर्थ. आभाळातल्या ढगांत आपण हत्ती पाहतो, तसा पलीकडचा माणूस आपल्या तुटक उत्तरांत एक स्वभाव पाहतो. आपल्या केंद्र सरकारने गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती 1 जानेवारी 2016 पासून बंद केल्या, त्यामागे वशिलेबाजीची तक्रार तर होतीच. पण या संशोधनाच्या उजेडात पाहिलं तर त्या निर्णयाला आणखी एक आधार मिळतो.

हे वाचून एखाद्या उमेदवाराने हात टेकू नयेत. मला तर यात मोठा दिलासा दिसतो. एका नकारावरून तुमची किंमत ठरत नाही, हे 1915 पासून आकड्यांनी सिद्ध होत आलेलं आहे. आणि दुसरं, मुलाखतीतले शिष्टाचार हे कुणी साहेबी हौसेपोटी काढलेले नियम राहत नाहीत. समोरचा माणूस ढगांत आकार पाहणारच असेल, तर त्याला चुकीचा आकार दिसावा असं काही आपण त्याच्यापुढे ठेवू नये. शिष्टाचाराचं सगळं काम एवढंच आहे.

वेळेचंच घ्या. उशिरा आलेल्याला समोरचा 'एसटी चुकली असेल' म्हणत नाही. 'हा पहिल्या पाळीलाही असाच येणार' म्हणतो. एमआयडीसीत तर खोलीच्या आधी गेट असतं. तिथे वहीत नाव लिहायचं, ओळखपत्र दाखवायचं, पास घ्यायचा, कधी मोबाइल जमा करायचा. यात सहज पंधरा-वीस मिनिटं जातात. म्हणून दहाची मुलाखत असेल तर साडेनऊला गेटवर असावं, आणि गेटवरच्या काकांशीही आतल्या साहेबांशी बोलाल तसंच बोलावं. उमेदवार गेटवर कसा वागला ही बातमी आत पोचते. मित्रांचा घोळका किंवा आईवडील सोबत आले असतील तर त्यांना फाट्यावरच्या हॉटेलात चहाला बसवावं. वडील रिसेप्शनवर मुलाची बाजू मांडू लागले की त्यात माया असते, पण आतल्याला दिसतं ते एवढंच, की हा अजून स्वतःचं स्वतः बोलत नाही.

कपड्यांबद्दल फार उपदेश होतो, मी थोडंच सांगतो. स्वच्छ, इस्त्री केलेले आणि कामाला साजेसे. कारखान्यातली जागा असेल तर मुलाखतीनंतर शॉपफ्लोअर दाखवायला नेतात. तिथे चपला, लोंबती ओढणी, सैल बाह्या, हातातलं कडं या गोष्टी फिरत्या यंत्रापाशी धोक्याच्या असतात, आणि जो उमेदवार हे न सांगता ओळखून आलेला असतो, त्याने तोंड न उघडता एका प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं. उसना सूट घालण्याची गरज नाही. अवघडलेलं अंग लगेच दिसतं.

आता भीतीविषयी, कारण निम्म्या चुका तिच्यामुळे होतात. हात थरथरतात, घसा कोरडा पडतो आणि मनात एकच विचार असतो: यांना सगळं दिसतंय. दिसत नाही. केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी 2003 साली भाषण करणाऱ्या विद्यार्थ्यांवर हे तपासलं. बोलणाऱ्याला आपली घाबरगुंडी जितकी उघड वाटते, तितकी ती ऐकणाऱ्याला जाणवत नाही, कारण धडधड आतून ऐकू येते, बाहेरून नाही. आणखी नवलाची गोष्ट पुढे आहे. काही विद्यार्थ्यांना भाषणाआधी ही माहिती नुसती सांगितली, बाकी काही शिकवलं नाही. त्यांची भाषणं खरोखर चांगली झाली, त्यांच्या स्वतःच्या मते आणि ऐकणाऱ्यांच्याही मते. औषध नाही, सराव नाही, एक वस्तुस्थिती कळली आणि आवाज स्थिरावला. ती वस्तुस्थिती आता तुम्हालाही कळली आहे.

माणूस ओळखण्याची चांगली रीत कोणती, याचं जगाने दखल घेतलेलं एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे हे दांपत्य जामखेडला आलं. त्या वेळी या भागात जन्मलेल्या दर 1000 मुलांपैकी पावणेदोनशेच्या आसपास मुलं वर्षाच्या आत दगावत होती. गावोगाव आरोग्यसेवा पोचवायला त्यांनी आधी प्रशिक्षित परिचारिका नेमून पाहिल्या. पात्रता होती, प्रमाणपत्र होतं, पण त्या खेड्यात रमल्या नाहीत आणि बायका त्यांच्याशी मोकळेपणाने बोलल्या नाहीत. मग गावातल्याच बाईला शिकवायचं ठरलं. निवड गावाने करायची. शिक्षणाची अट नाही. निवडल्या गेलेल्या कित्येक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातल्या. आरोळ्यांनी त्यांना जामखेडला बोलावून आठवड्यामागून आठवडे शिकवलं. या बायकांनी पुढे बाळंतपणं केली, मुलांची वजनं घेतली, अतिसाराने सुकलेल्या बाळांना साखर-मिठाचं पाणी पाजून वाचवलं. पुढच्या काही दशकांत बालमृत्यूचा तो आकडा एक-पंचमांशाच्याही खाली आला. आरोळे दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि देशोदेशीचे डॉक्टर जामखेडला या बायकांकडून शिकायला येऊ लागले.

कुठल्याही कार्यालयातल्या अर्ध्या तासाच्या मुलाखतीत यातली एकही बाई निवडली गेली असती का? मला नाही वाटत. तिला इंग्रजी येत नव्हतं, तिच्याकडे कागद नव्हता, ती मान वर करून बोललीही नसती. पण गावाने तिला वर्षानुवर्षं पाहिलं होतं. रात्री कुणाच्या दारात ती धावून जाते, कुणाचं गुपित पोटात ठेवते, हे गावाला ठाऊक होतं. गावाने तिचं बोलणं तोललं नाही, तिने आधी केलेलं काम तोललं.

नगर शहरातच अशा पाहून केलेल्या निवडीचं दुसरं टोक आहे. 1948 पासून इथे रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे येणारा तरुण अधिकारी सेवा निवड मंडळाची, म्हणजे एसएसबीची चाळणी पार करून आलेला असतो. या पद्धतीची गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. ब्रिटिश लष्करात अधिकारी निवडताना घराणं आणि शाळा विचारून थोडक्यात मुलाखत व्हायची, आणि असे निवडलेले कित्येक जण प्रशिक्षणात टिकेनात. म्हणून 1942 साली मानसशास्त्रज्ञांच्या मदतीने नवी निवड मंडळं उभी राहिली, 1943 साली ती पद्धत भारतात डेहराडूनला आली. आजही एसएसबीत उमेदवाराला साधारण पाच दिवस ठेवून घेतात. एक धूसर चित्र 30 सेकंद दाखवून 4 मिनिटांत गोष्ट लिहायला लावतात, दोऱ्या आणि फळ्या देऊन गटाने अडथळा ओलांडायला सांगतात, मुलाखतही घेतात. तीन परीक्षक तीन बाजूंनी पाहतात आणि शेवटच्या दिवसापर्यंत आपलं मत एकमेकांना सांगत नाहीत. म्हणजे 1915 मधल्या त्या सहा व्यवस्थापकांची अडचण इथे पद्धतीतच ओळखून ठेवलेली आहे.

काष्टीच्या जनावरांच्या बाजारात शेतकरी बैलाचं वर्णन ऐकून पैसे मोजत नाही, चालवून पाहतो. माणसाची आणि जनावराची बरोबरी मी करत नाही. पारखण्याची रीत तेवढी सारखी आहे, आणि चांगल्या कंपन्या आता त्याच रीतीकडे वळत आहेत. हातात व्हर्नियर हे मापाचं साधन देऊन जॉब मोजायला सांगतात. किंवा प्रसंग घालून विचारतात. 1980 साली गॅरी लेथम आणि सहकाऱ्यांनी लाकूड कापण्याच्या गिरणीतल्या कामगारांसाठी असे प्रश्न बनवले, त्यातला एक फार गाजला: तुमची बायको आणि दोन मुलं सर्दीने अंथरुणाला खिळली आहेत, त्यांच्याकडे पाहायला नातेवाईक नाहीत की मित्र नाहीत, तुमची पाळी तीन तासांनी सुरू होणार आहे, काय कराल? प्रत्येक उमेदवाराला तोच प्रश्न, आणि कुठल्या उत्तराला किती गुण हे आधी लिहून ठेवलेलं. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये शंभर वर्षांचं संशोधन नव्याने तपासलं, तेव्हा कामाचा अंदाज सर्वांत चांगला देणाऱ्या पद्धतींमध्ये अशी आखीव मुलाखत वरच्या स्थानी आली. गप्पांसारखी मोकळी मुलाखत खूप खाली राहिली.

इथे आपल्या भागातल्या मुलामुलींची सर्वांत मोठी चूक येते, आणि तिच्याविषयी मला सर्वांत जास्त बोलायचं आहे. ती चूक टाय न घालण्याची नाही, इंग्रजी कच्चं असण्याचीही नाही. ज्या कामाने त्यांना घडवलं, ते काम ती लपवतात.

'तुमच्याबद्दल सांगा' म्हटलं की पाठ केलेली कॅसेट सुरू होते. मायसेल्फ अमुकतमुक, माय हॉबी इज रीडिंग, माय स्ट्रेंथ इज हार्ड वर्क. कमतरता विचारली तर 'मी परफेक्शनिस्ट आहे'. हे उत्तर समोरच्याने त्याच दिवशी दहा वेळा ऐकलेलं असतं. अनुभव विचारला तर 'नाही सर, फ्रेशर आहे'. खरंच नाही? ज्या मुलीने बारावीपासून घरच्या चार गायींच्या दुधाचं फॅट-एसएनएफ रोज लिहून ठेवलं आणि डेअरीच्या दहा दिवसांच्या बिलात चूक पकडली, तिला नोंद ठेवणं आणि ताळा करणं येतं. क्वालिटी विभागात दुसरं काय करायचं असतं? ज्या मुलाने रात्री दोनला वीज आल्यावर उठून मोटार चालू केली, बांधावरच्या भावकीशी पाण्याच्या पाळीवरून भांडण न होऊ देता कांद्याला पाणी दिलं, त्याला रात्रपाळी माहीत आहे आणि माणसं सांभाळणंही. लग्नाच्या पंगतीत तीनशे पानं वाढण्याचं नियोजन केलेल्या मुलाला स्टोअरचं काम परकं वाटणार नाही. हे सगळं अनुभवच आहेत. गरज एवढीच असते की ते नेमके सांगावेत: काय अडचण होती, मी काय केलं, शेवटी काय झालं. तीन वाक्यं, एक आकडा. प्रसंगाचा प्रश्न येतो तेव्हा असं सांगता येणारा उमेदवार ढगातला हत्ती राहत नाही. त्याने हाताने धरता येईल असं काहीतरी टेबलावर ठेवलेलं असतं.

तीच गोष्ट बायोडाटाची. आपल्याकडे लग्नाचा आणि नोकरीचा, दोन्ही कागदांना बायोडाटाच म्हणतात, आणि त्यामुळे एकातलं दुसऱ्यात उतरतं. जात, वडिलांची जमीन, भावंडं, उंची, यातल्या कशाचाही नोकरीशी संबंध नाही. त्या जागी केलेलं काम लिहावं. फोन नंबर दोनदा तपासावा, ईमेल स्वतःच्या नावाचा असावा. नेट कॅफेवाल्याकडून दुसऱ्याच्या कागदावर नाव बदलून घेऊ नये, कारण मग त्यातला प्रकल्प 'समजावून सांगा' म्हटलं की गप्प बसायची वेळ येते. एक लहान शंका बरेच जण बाळगतात: जुन्या गुणपत्रिकेवर अहमदनगर आहे, आता काय लिहू? ऑक्टोबर 2024 पासून जिल्ह्याचं अधिकृत नाव अहिल्यानगर आहे. पत्त्यात ते लिहावं आणि जुन्या कागदांची काळजी सोडावी.

भाषेबद्दल. 1983 साली या एकाच जिल्ह्यात लोणी, कोपरगाव आणि संगमनेर इथे तीन अभियांत्रिकी महाविद्यालयं सुरू झाली, तिन्ही साखर कारखान्यांच्या परिसरात. ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं, अशी मुलं तिथे शिकली आणि कॅम्पस मुलाखतीत इंग्रजीपाशी अडली. अडखळणं हा गुन्हा नाही. अर्थ न कळता पाठ केलेली वाक्यं म्हणणं मात्र घातक आहे. 'सर, हा मुद्दा मराठीत सांगू का?' असं विचारायला हरकत नसते, आणि कामाच्या जागी मराठी-हिंदी चालत असेल तर बहुतेक जण हो म्हणतात. यूपीएससीच्या 275 गुणांच्या मुलाखतीतसुद्धा मराठीतून उत्तरं देण्याची सोय आहे. मात्र ज्या नोकरीत रोज इंग्रजीत बोलायचं आहे, तिथे ते शिकावंच लागेल. त्याला पळवाट नाही.

येत नसेल तर 'माहीत नाही' म्हणावं. आयटीआयच्या मुलाला व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्याने मोजता येणारं सर्वांत लहान माप, विचारतात. नेहमीच्या व्हर्नियरचा तो 0.02 मिलिमीटर असतो, मायक्रोमीटरचा 0.01. आठवलं नाही तर ठोकून देण्यापेक्षा 'आकडा आठवत नाही, पण काढायचा कसा ते दाखवतो' म्हणणारा मुलगा निवडणाऱ्याला हवा असतो, कारण चुकीचं माप आत्मविश्वासाने लिहिणारा माणूस कारखान्याला सर्वांत महाग पडतो. जुन्या साहेबांची निंदा, कुणाच्या ओळखीचा दाखला, समोरच्याचं वाक्य तोडणं, टेबलावर थरथरणारा मोबाइल, हे सगळं टाळण्याचं कारण सांगायला नको.

मग ती अवघड जागा: मधली वर्षं. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या आणि नगरच्या अभ्यासिकांमध्ये आपल्या जिल्ह्याच्या कितीतरी मुलामुलींची चार-पाच वर्षं गेली आहेत. पद मिळालं नाही, वय वाढलं, आता खासगी नोकरीसाठी बसताना 'इतकी वर्षं काय केलंत?' या प्रश्नाने मान खाली जाते. ती खाली जाऊ देऊ नका. 'स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला, पूर्वपरीक्षा अमुक वेळा उत्तीर्ण झालो, मुख्य परीक्षेत थांबलो, आता या क्षेत्रात यायचं ठरवलं आहे' एवढं सरळ सांगावं. खोट्या कंपनीचं खोटं प्रमाणपत्र जोडून ती वर्षं झाकणारे नंतर कागदपत्रांच्या पडताळणीत सापडतात आणि हाती आलेली नोकरी गमावतात. रोज दहा तास एका जागी बसून अभ्यास करणं ही लाज वाटण्याची गोष्ट नाही.

मुलींना 'लग्न कधी करणार?' असं आजही विचारलं जातं. हा प्रश्न विचारणाऱ्याची चूक आहे, उमेदवाराची नाही. भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करायला 1976 च्या समान वेतन कायद्याने मनाई केली आणि वेतन संहिता 2019 मध्येही ती मनाई कायम आहे. उत्तर द्यायचंच झालं तर शांतपणे एवढं पुरतं: 'पाळीच्या वेळा मला मान्य आहेत, काम सांभाळून मी घरचं पाहीन.'

मुलाखत हा शब्दही मुळात भेटीचाच आहे. अरबीतून आलेला, पेशवाईतल्या पत्रांत दोन सरदारांची 'मुलाखत' होते म्हणजे ते भेटतात. भेटीत दोन्ही बाजू बोलतात. शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' म्हटल्यावर 'नाही सर' म्हणून उठू नये. नोकरी कंपनीच्या रोलवर आहे की कॉन्ट्रॅक्टरकडे? पाळ्या कशा आहेत, बस कुठून सुटते? सांगितलेला आकडा सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च आहे, की हातात येणारा? सीटीसीत कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधीही धरलेला असतो. शिवाय तुमच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून 12 टक्के निधीत जातात, आणि पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयचे 0.75 टक्के कापले जातात. हे विचारणं उद्धटपणाचं नाही. भाडं आणि मेसचा हिशेब ज्याला करायचा आहे, त्याने ते विचारलंच पाहिजे. फक्त पहिल्याच मिनिटाला विचारू नये.

आणि कुणी मुलाखतीसाठी, गणवेशासाठी, 'डिपॉझिट' म्हणून आधी पैसे मागितले तर ती नोकरी नव्हे. एक रुपयाही देऊ नका. सरकारी महास्वयंम पोर्टलवर नोंदणी करता येते, रोजगार मेळाव्यांची माहिती तिथे मिळते. जुलै 2024 मध्ये राज्याने युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली, तिच्यात बारावी झालेल्याला महिना 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन ठरवलं गेलं. जुनी उमेदवारीच ही, पण या वेळी पोटाला आधार देऊन.

मुलाखत घेणाऱ्यांकडे माझी एक मागणी आहे. सुपा, नागापूर, श्रीरामपूरच्या कारखान्यांत, जिल्ह्यातल्या संस्थांमध्ये, बँकांमध्ये टेबलापलीकडे बसणारे तुम्ही बहुतेक जण याच एसटीने कधीतरी मुलाखतीला गेलेले आहात. निवड झाली त्याला तुम्ही फोन करता. झाली नाही त्याला काहीच कळवत नाही, आणि तो पंधरा-पंधरा दिवस रेंज मिळावी म्हणून फोन घेऊन बांधावर उभा राहतो. त्यालाही दोन ओळींचा मेसेज पाठवा: या वेळी निवड झाली नाही, आल्याबद्दल आभार. म्हणजे तो दुसऱ्या दिवशी दुसरीकडे अर्ज करायला मोकळा होईल.